सोलापूरहून बिदर एका दिवसात होतं का? सोबत वडील आहेत (गुडघे + दामाजीपंत)

मालदांडी

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर एखादा रविवार बघून बिदरला जायचं चाललंय घरी. माझ्या डोक्यात खरं तर विजापूर होतं, शंभर किलोमीटर, सकाळी चहा पिऊन निघायचं, गोलघुमटात पोरांना पोटभर ओरडू द्यायचं आणि रात्री जेवायला घरी. पण आमच्या अण्णांनी बिदरच धरून ठेवलंय आणि त्यांनी एकदा धरलं की सुटत नाही.

कारण असंय की अण्णा मूळचे मंगळवेढ्याकडचे, दामाजीपंतांचं आख्यान त्यांना अक्षरशः पाठ. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी (सोलापुरात असं कोण असेल म्हणा) - दुष्काळ पडला, दामाजीपंतांनी बादशहाची धान्याची कोठारं लोकांना उघडून दिली, बेदरच्या (म्हणजे बिदरच्याच) बादशहानं त्यांना धरून आणायचा हुकूम काढला, आणि पंत बेदरला पोचायच्या आधीच पांडुरंग विठू महाराच्या रूपात दरबारात गेला, छोट्याशा थैलीतून मोहरांची रास ओतली, हिशोब चुकता केला आणि पावती घेऊन निघून गेला. ती पावती पंतांना पोथीत सापडते तिथं आलं की अण्णांचा आवाज दर वेळी बसतो, आम्हा पोरांना ते लहानपणापासून माहिती.

तर त्यांचं म्हणणं एवढंच की जन्मभर बेदर बेदर ऐकलं, ज्या दरबारात विठोबानं थैली ओतली ती जागा एकदा बघू दे. आता अशी काही जागा तिथं आहे का? पाटी बिटी? नसेल तर मी त्यांना कुठं नेऊन उभं करू?

अण्णांचं वय ७४, दोन्ही गुडघे गेलेले, काठी घेऊन सपाटीवर अर्धा तास आरामात चालतात पण पायऱ्या म्हटलं की तोंड वाकडं होतं. सोबत बायको, दोन पोरं (१२ आणि ८) आणि मी. गाडी आपली आहे. बिदर डोंगरावर आहे म्हणतात, तटबंदी आहे म्हणतात, म्हणजे किती चढायचं? एका दिवसात जाऊन येणं होतं का राहावं लागतं? रस्ता कसाय? पोरांना कंटाळा येईल का? सगळे प्रश्न एकदम टाकलेत, जमेल तसं सांगा.

टॉवेल_आणि_टेम्पो

मी महिन्यातनं दोनदा हैदराबाद रोडनं जातो, माल असतो, त्यामुळे रस्त्याचं माझ्याकडनं ऐका, किल्ल्याचं दुसरे सांगतील.

मार्केट यार्डावरनं सरळ सुटायचं, बोरामणी, तांदूळवाडी, इटकळ, मग नळदुर्ग, जळकोट, उमरगा, तिथनं थोडं पुढं गेलं की कर्नाटक लागतं. बसवकल्याणचा फाटा मागं टाकून हुमनाबाद, हुमनाबादला हायवे सोडायचा आणि डावीकडं बिदर. हुमनाबादपर्यंत दीडशे धरा आणि तिथनं पुढं पन्नास, म्हणजे सगळं मिळून दोनशेच्या आसपास. पोरं आणि म्हातारं माणूस सोबत असताना चहा, लघवी, उलटी सगळं धरून चार तास धराच, मी एकटा असलो की साडेतीन लागतात पण माझं बघून तुम्ही चालवू नका.

पहाटे पाचला निघालात तर नऊला बिदर, संध्याकाळी पाचला परत निघालात तर रात्री नऊला घरी. होतं, पण अण्णांची पाठ तुम्हाला दुसऱ्या दिवशी शिव्या देईल. एक रात्र राहा सरळ.

घाट वगैरे काही नाही ओ. बिदर डोंगरावर आहे हे खरं पण ते तुम्हाला कळतच नाही, गाडी हळूहळू वर गेलेली असते आणि अचानक गार हवा लागते. आपल्याकडं घामाघूम होऊन बसलेला माणूस तिथं संध्याकाळी मफलर शोधतो. अण्णांसाठी स्वेटर घ्या. निघताना सोबत भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घ्या, उमरग्याच्या पुढं मला तरी मनासारखं खायला कुठं मिळालं नाही, चहा मात्र सगळीकडं बरा.

रेल्वेनं जायचं असेल तर सोलापूरहून कलबुर्गी (जुनं गुलबर्गा) आणि तिथनं बिदरची गाडी, ती लाईन २०१७ ला सुरू झाली. पण वेळा जुळवण्यात दिवस जातो, गाडी आहे तर गाडीच काढा.

सात_रस्ता

एवढं लांब जाऊन काय बघणार बे, पडक्या भिंतीच ना. नळदुर्ग ४५ किलोमीटरवर हाय, पाणीमहाल हाय, पाऊस बरा झाला असला तर नर-मादी धबधबा हाय, दुपारी जेवायला घरी. बिदरला वेगळं काय हाय?

जांभा_दगड

@सात_रस्ता वेगळं हे हाय की नळदुर्ग हा किल्ला हाय आणि बिदर हे गाव हाय. नळदुर्ग मला बी आवडतो, १६१३ साली नदीवर बंधारा घातला आणि बंधाऱ्याच्या पोटात महाल बांधला, असलं डोकं चालवणारे लोक आज मिळणार नाहीत. पण संध्याकाळी तिथं कुलूप लावून सगळे घरी जातात. बिदरच्या तटाच्या आत अजून माणसं राहतात. शाळा सुटते, पोरं वेशीतनं सायकली काढतात, वेशीच्या कमानीखाली भाजीची गाडी उभी असते. आपल्या भुईकोटाच्या आत जुनं सोलापूर अख्खं वसलेलं असतं आणि बाहेर अजून एक तट असता तर कसं वाटलं असतं, तसं.

@मालदांडी आता तुमचं. मी चार वेळा गेलोय, त्यातले पहिले दोन वेळा चुकीचं बघितलं, म्हणजे यादी करून पळत बघितलं. तुम्ही तसं करू नका म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बहमनी राज्य १३४७ ला गुलबर्ग्याला सुरू झालं आणि पंधराव्या शतकात अहमदशहा वलीनं राजधानी बिदरला हलवली. का हलवली त्याची तिथं एक गोष्ट सांगतात, शिकारीत कोल्हा कुत्र्यांना घाबरून पळायच्या ऐवजी उलटून त्यांच्या अंगावर गेला म्हणून राजा म्हणाला इथलं पाणी काही वेगळंय. अशीच गोष्ट अर्ध्या हिंदुस्थानातल्या गावांना चिकटवलेली आहे, तेव्हा पोरांना सांगायला ठीक. तुम्ही तटावर उभं राहून उत्तरेला बघितलंत की खरं कारण डोळ्याला दिसतं. पठार तिथं एकदम संपतं आणि खाली लांबपर्यंत सपाट मुलूख. दोन हजार फुटांच्या वर बसलेलं गाव, उत्तरेकडनं कोण येतंय ते दिवसभर आधी दिसणार, हवा गार, आणि पाणी.

पाण्याचं नीट समजून घ्या म्हणजे अख्खं बिदर समजतं. आपल्याकडं काळा दगड, तिथं लाल जांभा, कोकणातल्यासारखा. जांभा भोकाभोकाचा असतो, पावसाचं पाणी स्पंजासारखं पिऊन घेतो, आणि त्याच्या खाली आपला काळा कातळ लागला की पाणी पुढं जात नाही, मग ते पठाराच्या कडेनं झऱ्यांच्या रूपात बाहेर पडतं. नानक झिरा, नरसिंह झरणी, पापनाश, ही सगळी देवस्थानं नेमकी झऱ्यांवर आहेत. आणि त्याच हिशोबानं बहमनी लोकांनी इराणी पद्धतीचे करेझ खणले, म्हणजे जमिनीखालनं बोगदा आणि वर ठराविक अंतरावर विहिरीसारखी भोकं, पंपाशिवाय पाणी वाहतं. औरंगाबादचे नहर बघितले असतील तर तोच भाऊबंद.

जांभ्याचा दुसरा फायदा म्हणजे खंदक. किल्ल्याच्या गावाकडच्या बाजूला खंदक एक नाही, तीन आहेत, एकाला एक लागून, मध्ये जांभ्याच्या भिंती तशाच सोडलेल्या. बांधलेल्या नव्हेत, सोडलेल्या! म्हणजे अखंड दगडात खाली खणत गेले आणि दोन खंदकांच्या मधला दगड राखला. पुलावरनं जाताना गाडी थांबवून पोरांना खाली बघायला लावा. हे बघितलं की १६५७ ला औरंगजेबाला (तेव्हा तो शहाजादा होता) हे घ्यायला २७ दिवस का लागले ते कळतं, आणि ते बी आतल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला म्हणून.

आता गुडघे. चिंता करू नका, चढायचं जवळजवळ काही नाही कारण गाव आणि किल्ला एकाच पातळीवर आहेत. मी गेलो तेव्हा प्रत्येक वेळी गाडी शरजा दरवाजा आणि गुंबद दरवाजातनं आत गेली. शरजावर कोरलेले दोन वाघ बघा, पोरं खूश होतील. आत रंगीन महाल, सोळा खांबी मशीद, म्युझियम ही सगळी जवळजवळ आहेत. रंगीन महालाच्या आतलं दालन बघितल्याशिवाय येऊ नका, काळ्या दगडात शिंपल्याचे तुकडे बसवलेत, ऊन तिरकं आलं की ते मोरपिसासारखे रंग बदलतात, आणि लाकडी खांबांवर असलं बारीक कोरीव काम की मी खुळ्यासारखा अर्धा तास एका खांबापाशी उभा होतो. बहुतेक वेळा ते दालन बंद असतं, तिथल्या माणसाला नीट विनंती केली तर उघडून दाखवतात. पायऱ्या तिथं थोड्या आहेत, अण्णांना धरून न्या.

तख्त महाल जरा पुढं आहे, पडझड जास्त. पण तुम्हाला दरबाराची जागा बघायची असेल तर तिथंच.

सात_रस्ता

बरं बाबा, हरलो. शिंपल्याचं माहीत नव्हतं.

कीर्तनाला_उशीर

मंगळवेढ्याचाच आहे म्हणून लिहितो. दामाजीपंतांची म्हणून पाटी लावलेली जागा बिदरच्या किल्ल्यात नाही. मी दोनदा शोधली, तिथल्या लोकांना विचारलं, एकानं तर उलट मलाच विचारलं की कोण दामाजी.

अण्णांना हे आधीच सांगून ठेवा, तिथं गेल्यावर नको. गोष्ट आपल्याकडची आहे, ती महिपतीबुवांच्या भक्तिविजयातनं आणि कीर्तनांतनं घरोघर आली, किल्ल्याच्या दगडांवर ती नाही. कुठला बादशहा यावर तर लोक अजून भांडतात, त्यात तुम्ही पडू नका. पण एक लक्षात घ्या, गोष्टीतलं बेदर काही उगाच आलेलं नाही. मंगळवेढ्याची ज्वारी ज्या कोठारात भरली जायची त्या कोठाराचा धनी खरोखरच तिकडं दोनशेहून जास्त किलोमीटरवर त्या पठारावर बसलेला होता. आपल्या शेतकऱ्याला बेदर म्हणजे जिथं आपलं धान्य जातं आणि जिथनं हुकूम येतो ते ठिकाण. विठोबाला तिथपर्यंत चालत पाठवावं असं लोकांना का वाटलं ते मला त्या खंदकाच्या पुलावर उभं राहिल्यावर पहिल्यांदा कळलं, तोपर्यंत मी ती नुसती चमत्काराची गोष्ट समजत होतो. घोंगडं पांघरलेला, काठी हातात घेतलेला एक माणूस त्या तीन खंदकांवरनं आणि असल्या दरवाजांतनं एकटा आत चाललाय, हे डोळ्यासमोर आणा.

दरबार म्हणून न्यायचं तर दोन जागा. एक दिवाण-ए-आम, त्याला जाली महालही म्हणतात, तिथं खांबांचे नुसते दगडी तळ राहिलेत आणि भिंतीवर निळ्या फरशांचे तुकडे. दुसरा तख्त महाल, सिंहासनाची जागा, कमानीच्या वर वाघ आणि त्याच्या पाठीमागं उगवता सूर्य आहे बघा. हिशोब-ठिशोब, प्रजेची कामं ही दिवाण-ए-आमलाच चालणार, तेव्हा माझं मत दिवाण-ए-आम. शिवाय चालायला सोपं, बसायला दगड आहेत.

जाताना हुमनाबादला माणिकनगर आहे, माणिकप्रभूंची समाधी, अण्णांना तिथं नक्की थांबवा. आणि परत येताना वेळ असला तर बसवकल्याण. आपले सिद्धरामेश्वर सोलापुरातनं तिथं अनुभव मंटपात (बसवण्णांच्या शरणांच्या धर्मसभेत) गेले आणि अल्लमप्रभू आणि चन्नबसवण्णांच्या नंतर तिथल्या प्रमुखपदावर, शून्यपीठावर बसले, गड्ड्याच्या जत्रेला नंदीध्वज बघणाऱ्या माणसानं तिथं एकदा जायलाच पाहिजे.

बिदरची_लेक

माहेर बिदर, सासर सोलापूर (जुळे सोलापूर), तेव्हा माझ्या गावाबद्दल एवढं चांगलं लिहिलेलं वाचून आज भाजी करपली. 😄

दादा, भाषेची काळजी करू नका, कन्नड, उर्दू, मराठी सगळं चालतं. १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर आमच्याच जिल्ह्यात होतं, त्यामुळं आमच्या घरात आजी मराठी, शेजारच्या काकू कन्नड आणि समोरचे चाचा दखनी, असं एकाच वेळी चालायचं. दुकानदार "आव जी, बैठो जी" म्हणाले की बसायचं, घ्यायची जबरदस्ती नसते.

वर किल्ल्याचं सांगितलंय पण गाव कुणी नीट सांगितलं नाही. चौबारा म्हणजे गावाच्या मधोमध गोल बुरूज, ७१ फूट, चार रस्ते तिथं मिळतात, आमच्या गावात पत्ता सांगायचा म्हणजे चौबाऱ्यापासनं सांगायचा. तिथनं किल्ल्याकडं जाताना महमूद गावानचा मदरसा लागतो. तो इराणातनं आलेला व्यापारी, इथं वजीर झाला, १४७२ ला हा मदरसा बांधला, तीन मजली, आत हजारो पोथ्यांचं ग्रंथालय होतं. पुढं १४८१ ला दरबारातल्या लोकांनी खोटं पत्र तयार करून त्याच्यावर फितुरीचा आळ घेतला आणि सुलतानानं चौकशी न करता त्याला मारलं. दामाजीपंतांना पावती मिळाली, ह्याला नाही मिळाली, असं माझे आजोबा म्हणायचे. मदरशाचा अर्धा भाग औरंगजेबाच्या काळात उडाला, आत बंदुकीची दारू साठवली होती आणि स्फोट झाला. एक मिनार उरलाय, त्याच्यावरच्या निळ्या पिवळ्या फरशा जवळ जाऊन बघा, लांबनं नुसता मातकट दिसतो.

मग अष्टूर. गावाबाहेर तीन-चार किलोमीटर, बहमनी सुलतानांचे घुमट एका रांगेत शेतांमध्ये उभे आहेत. अहमदशहा वलीच्या घुमटात आत छतापर्यंत सोनेरी आणि शेंदरी रंगात लिहिलंय, डोळ्याला अंधाराची सवय व्हायला दोन मिनिटं द्या मग दिसायला लागतं. लिंगायत लोक त्यांना अल्लमप्रभूंचं रूप मानतात, उरुसाला हिंदू मुसलमान दोन्ही येतात. शेजारी हुमायूनचा घुमट आहे, त्याला जालिम म्हणायचे, त्याच्यावर वीज पडून अर्धा कोसळलाय आणि अर्धा कलिंगड कापल्यासारखा उभा आहे. पोरांना हे सगळ्यात जास्त आवडतं, माझ्या पोराला तर फक्त तेवढंच लक्षात आहे.

नरसिंह झरणीला अण्णांना नेऊ नका. गुहेत छातीपर्यंत पाण्यातनं तीनशे मीटर चालत जावं लागतं, आत हवा कोंदट असते आणि डोक्यावर वटवाघळं. तुम्हाला जायचं असेल तर आधी चालू आहे का विचारून जा, अधूनमधून बंद असते. अण्णांना तेवढ्या वेळात नानक झिऱ्याला बसवा, झऱ्याचं पाणी आहे, लंगर आहे, सावली आहे, कुणी उठवत नाही.

आणि बिदरी, काळ्या धातूवर चांदीच्या नक्षीचं आमच्याकडचं काम! हे कुणी लिहिलंच नाही. जस्त आणि थोडं तांबं असं ओततात, त्यावर मोरचूद लावून तात्पुरतं काळं करतात म्हणजे कोरलेली रेघ पांढरी दिसते, मग हातानं, कसला कागद छाप न वापरता, छिन्नीनं नक्षी कोरतात, त्या रेघेत चांदीची तार ठोकून बसवतात, कानशीनं घासून सपाट करतात. इथपर्यंत सगळं करडं दिसतं, चांदी कुठली जस्त कुठलं कळत पण नाही. शेवटी किल्ल्यातल्या जुन्या, ऊनपाऊस न लागलेल्या जागेची माती नवसागराबरोबर पाण्यात कालवून गरम वस्तूवर चोळतात आणि बघता बघता जस्त कोळशासारखं काळं होतं, चांदी तशीच पांढरी राहते. ती माती बरोबर आहे की नाही ते कारागीर जिभेला लावून बघतात, मी लहानपणी हे बघून घरी येऊन अंगणातली माती खाल्ली होती आणि आईचा मार पण. चौबारा ते मदरसा ह्या भागात कारागिरांची दुकानं आहेत, तिथं बसून बघा, किल्ल्यापुढच्या फिरत्या विक्रेत्याकडनं घेऊ नका, नुसता काळा रंग दिलेलं असतं बऱ्याचदा.

टॉवेल_आणि_टेम्पो

ताई, मी इतकी वर्षं हुमनाबादवरनं सरळ जातोय, डावीकडं वळलोच नाही. आता वळतो.

मालदांडी

मंडळी, जाऊन आलो, सगळ्यांचे आभार, आणि जे झालं ते लिहायला पाहिजे म्हणून लिहितोय.

शनिवारी पहाटे साडेपाचला निघायचं ठरलं, पावणेआठला निघालो, ह्याला कारण कोण ते मी लिहीत नाही कारण ती पण हे वाचते. नळदुर्गला नाष्टा, माणिकनगरला दर्शन, तिथं अण्णा तासभर हलले नाहीत, बिदरला पोचायला दीड वाजला. त्यामुळं पहिल्या दिवशी फक्त अष्टूर आणि नानक झिरा. हुमायूनचा अर्धा घुमट बघून धाकटा म्हणाला "आत कसं बनवतात ते दाखवायला कापलाय का?" बरोबर आहे की, आतला थर न थर दिसतो. लंगरमध्ये अण्णांनी खाली बसायचा हट्ट धरला, बसले, आणि उठताना आम्ही तिघं लागलो. @बिदरची_लेक, झरणी चालू होती पण रांग बघून आम्ही परत फिरलो.

रविवारी सकाळी सातला किल्ला. खंदकाच्या पुलावर गाडी थांबवली. @कीर्तनाला_उशीर तुमचं लिहिलेलं मी अण्णांना आदल्या रात्री लॉजवर वाचून दाखवलं होतं, पाटी नाही हेही सांगितलं होतं, त्यावर ते काही बोलले नव्हते, कुशीवर वळून झोपले. पुलावर उतरले, काठी टेकवली, तिन्ही खंदक बघितले आणि म्हणाले, "एवढं खणायला किती ज्वारी लागली असंल रे." मला उत्तर सुचलं नाही. आपल्याला भिंती दिसतात, त्यांना मजुराची भाकरी दिसली.

रंगीन महाल बंद होता, विनंती केल्यावर उघडला, शिंपल्याचं काम बघून बायकोनं फोन खिशात ठेवला (हे कधी होत नाही). तख्त महालाकडं आम्ही अण्णांना नेलं नाही, पोरांना घेऊन मी एकटा जाऊन आलो, वाघ आणि सूर्य बघितला. परत येतो तर अण्णा दिवाण-ए-आममध्ये एका खांबाच्या तळावर बसलेले आणि शेजारी किल्ल्यातच राहणारे एक म्हातारे चाचा, दोघांच्या मध्ये आमची शेंगाचटणी. अण्णा त्यांना मराठीत दामाजीपंत सांगत होते आणि चाचा दखनीत "हौ, फिर?" म्हणत होते. थैली ओतल्याचं आलं तेव्हा चाचांनी विचारलं, रकम पूरी थी? अण्णा म्हणाले, जास्त होती. चाचा म्हणाले तो फिर रसीद लेना जरूरी था. त्यावर अण्णा इतके हसले की खोकला लागला. ह्या वेळी आवाज बसला नाही.

दुपारी चौबाऱ्याजवळ बिदरीचं दुकान. कारागिरानं आमच्यासमोर माती चोळून एक छोटी डबी काळी करून दाखवली, पोरं श्वास धरून बघत होती. अण्णांनी आईसाठी कुंकवाची डबी घेतली (आई गुडघ्यांपेक्षा कमरेनं जास्त बेजार, म्हणून आली नव्हती), घासाघीस केली नाही, पैसे स्वतःच्या पाकिटातनं दिले आणि दुकानदाराकडनं पक्की पावती मागून घेतली. घरी आल्यावर मी हिशोबासाठी ती शोधत होतो तर पोथीत ठेवलेली सापडली. राहू दिली तिथंच.

बसवकल्याण राहिलं, अंधार पडला. पुढच्या वेळी.

आता एक प्रश्न आहे, डबीच्या चांदीवर बोटांचे डाग पडायला लागलेत, आई रोज हाताळते. भांड्याच्या पावडरीनं घासलं तर चालेल का?

बिदरची_लेक

अजिबात नको दादा!! पावडर, चिंच, लिंबू, राख काहीच नको, काळेपणा उडेल आणि तो घरी परत येत नाही. सुती फडक्यावर दोन थेंब खोबरेल घ्या आणि हलक्या हातानं पुसा, काळं अजून काळं होईल आणि चांदी उठून दिसेल. आईंना सांगा कुंकू आत सुटं न ठेवता कागदाच्या पुडीत ठेवा.

आणि ते चाचा कुठल्या बाजूला बसले होते, गुंबद दरवाजाकडच्या? मग मला वाटतंय मी ओळखते त्यांना.